मान राखून माया: शाळकरी मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकवते त्या वर्गात बुटाच्या खोक्याची एक प्रश्नपेटी आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, एवढाच तिचा नियम. अभ्यासाचे प्रश्न त्यात फार थोडे येतात. जास्त येतात ते माणसांचे: मैत्रिणीशी काय बोलू, भावाशी अबोला धरलाय, स्वतःचाच राग येतो. धाराशिव आणि लातूरच्या सीमेवरच्या आमच्या शाळेत पुन्हा पुन्हा हातात आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. क्लाससाठी लातूरला गेलेली मुलं फोनवर जे विचारतात तेही यात आहे.

दयाळूपणे वागायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

मला "दया" हा शब्द जरा अवघड वाटतो. दया करणारा वर उभा असतो, घेणारा खाली. आपल्या घराघरातला शब्द आहे "माया". आजी माया करते, शेजारची काकू माया करते, त्यात कुणी लहान होत नाही. म्हणून मी मुलांना एकच कसोटी सांगते: आपण मदत केल्यावर समोरच्याची मान खाली गेली का? गेली असेल तर काहीतरी चुकलं.

येळवसेचा दिवस आठवा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आपल्याकडची गावं ओस पडतात, सगळे रानात असतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक जाते, "या, जेवून जावा." भज्जी, उंडे, आंबिलीचा तांब्या पुढे येतो. कोण कुठला, कुणी विचारत नाही. जेवणाऱ्यालाही ओशाळल्यासारखं होत नाही, कारण त्या दिवशी जो रानात आला तो पाहुणाच. एरवीच्या दिवसांत हेच करायचं, फक्त आंबिलीच्या जागी दुसरं काही असेल. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन जागा करून देणं. नवीन आलेल्या मुलाला पाण्याची टाकी कुठे आहे ते दाखवणं. कुणी बोलत असताना मोबाईल पालथा ठेवणं.

माझा मित्र आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. आता परत आलाय, पण गप्प गप्प असतो. मी काय करू?

हा प्रश्न दरवर्षी येतो, साधारण मार्च-एप्रिलमध्ये. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, त्या कारखाना बंद झाला की परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता थांबत नाही, आणि ज्यांना आजीकडे ठेवता येत नाही ती लेकरं बरोबर जातात. पहाटे उसाच्या फडात, रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत. तुझा मित्र पाच महिने सहलीला गेला नव्हता. मोळ्या बांधून, धाकट्या बहिणीला सांभाळून तो आलाय.

पहिली गोष्ट, सगळ्या वर्गासमोर "कुठं होतास रे?" असं विचारू नको. त्याला ठाऊक असतं की सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारी बस आणि आज कोणता धडा चाललाय ते पुस्तकात बोटाने दाखव. सुरुवातीला एवढं पुरे.

दुसरी गोष्ट मला आमच्याच एका मुलीने शिकवली. तिची मैत्रीण दिवाळीनंतर गेली तेव्हा हिने दुकानातून कार्बन पेपर आणला आणि विज्ञानाच्या वहीत तो घालून लिहायला लागली. वरचं पान तिचं, खालचं मैत्रिणीचं. खालची अक्षरं निळी, जरा पसरलेली, आकृत्यांच्या रेघा दुहेरी उमटलेल्या. मार्चमध्ये मैत्रीण आली तेव्हा हिने ती पानं दाभणाने भोकं पाडून सुतळीत ओवली आणि तिच्या दप्तरात ठेवली. मी विचारलं, "हातात का नाही दिलीस?" तर म्हणाली, "हातात दिलं की तिला काहीतरी बोलावं लागलं असतं, मॅडम." चौदा वर्षांच्या मुलीला हे कळत होतं. आता कार्बन पेपर लागत नाही, मोबाईलवर फोटो काढता येतो. पण रोजच्या रोज काढायचा, एकदम पाच महिन्यांचा ढीग पाठवायचा नाही.

आणि पुढच्या वर्षी तो जायच्या आधीच शिक्षकांच्या कानावर घाल. आईवडील तोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. वेळेत नाव गेलं तर त्याची शाळा सुटणार नाही.

मी डबा पुढे केला तर मैत्रीण म्हणाली, "मला कुणाचं नको." माझं काय चुकलं?

तुझी भावना चुकली नाही, पद्धत चुकली. रोज तूच देणार आणि ती घेणार, असं झालं की घास गिळत नाही. तिच्याकडून काहीतरी माग. तिच्या घरची शेंगदाण्याची चटणी माग, नाहीतर गणित समजावून घे. कुणाच्याच डब्याची चर्चा नको असेल तर चार-पाच जणींनी डबे मध्ये ठेवून गोल करून बसा. ज्वारीची भाकरी कुणाची आणि पोळी कुणाची, हे दोन दिवसांत कुणी बघतही नाही.

मैत्रिणीच्या वडिलांनी आत्महत्या केली. ती परत शाळेत आलीय. तिच्याशी काय बोलू?

आपल्या भागात हा प्रश्न मला फार वेळा आलाय, आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी उघडताना हात जड होतो.

कसं झालं, कर्ज किती होतं, चिठ्ठी होती का, यातलं काहीही विचारू नको. हे प्रश्न तिला पोलिसांनी, पाहुण्यांनी, गावाने विचारून झालेत. "तू आता खंबीर राहा, आईला तूच सांभाळायचंस" हेही नको. ते ओझं आहे, आणि ती अजून लेकरूच आहे. "मला काय बोलावं कळेना, पण मी तुझ्यासोबत आहे" एवढं खरं वाक्य पुरतं. नंतर गप्प बसलीस तरी चालेल.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. खरा एकटेपणा त्यानंतर येतो, पाहुणे गेले की. म्हणून तेराव्यानंतर जा. एकदाच नाही, दर आठवड्याला जा. अभ्यास करत बसा, शेळीला पाला टाका, तिची इच्छा असेल तर वडिलांच्या आठवणी ऐक. ती हसली तर दचकू नको, हसणं म्हणजे विसरणं नव्हे. पोळा, दिवाळी, वडिलांचा वर्षाचा दिवस, हे दिवस लक्षात ठेव.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते, कारण दुःखात ती कुणाला सुचत नाही. आई किंवा वडील गेलेल्या 18 वर्षांखालच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून त्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात जातो. बोनाफाईड, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला अशा कागदांची जुळवाजुळव करायला तिच्या आईसोबत कुणीतरी लिहितं-वाचतं माणूस गेलं तर मोठा आधार होतो. तुला एकटीला जमणार नाही, पण आम्हा शिक्षकांना सांगणं तुला जमेल.

मैत्रीण म्हणते, "जगावंसं वाटत नाही." आणि शपथ घातलीय की कुणाला सांगायचं नाही.

ही शपथ मोड. आजच मोड. ती रागावेल, बोलायची बंद होईल, तरी मोड.

आधी तिला शांतपणे ऐकून घे. "वेडी आहेस का", "तुझ्यापेक्षा लोकांना किती दुःख आहे" असं म्हणू नको. "मरायचे विचार येतायत का?" असं सरळ विचारलंस तरी चालतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटी सोडू नको आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांग: आई, मावशी, शिक्षक, आशाताई. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. 18 वर्षांखालच्यांसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. धोका अगदी समोर दिसत असेल तर 112 लावायचा.

हा प्रश्न तुझा स्वतःचा असेल आणि "मैत्रीण" म्हणून लिहिला असशील, तरी वरचं सगळं तुलाही लागू आहे. माझ्या खोलीचं दार ठोठाव.

लातूरला नीटची तयारी करतेय. टेस्टला 720 पैकी 310 आले. आईबाबांनी जमीन गहाण ठेवून पाठवलंय. आरशात बघायची लाज वाटते.

बाळा, आधी एक काम कर. कागदावर लिही की टेस्टनंतर तू स्वतःला काय काय बोललीस. मग तीच वाक्यं तुझ्या धाकट्या भावाला त्याच्या टेस्टनंतर मोठ्याने म्हणशील का, ते बघ. म्हणणार नाहीस. त्याला पाणी देशील, जेवायला बसवशील, "कुठे अडलं बघू" म्हणशील. स्वतःशी माया म्हणजे एवढंच. तिचा लाड किंवा आळसाशी काही संबंध नाही. 180 प्रश्नांपैकी कुठले येत नव्हते आणि कुठले घाईत गेले, हे शांत डोक्यालाच दिसतं.

झोप चोरू नको. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रूमवर रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याचं कौतुक होतं, पण पाठ केलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोपच लागते. मेसचा डबा आवडत नसेल तरी उपाशी राहू नको. रविवारी कपडे धुऊन झाले की तासभर काहीच न करता बस.

आईबाबांना खरे मार्क सांग. जमीन गहाण आहे हे खरं, आणि म्हणूनच लपवावंसं वाटतं, हेही कळतं मला. पण त्यांनी जमिनीवर पैसे काढले ते तुझ्यासाठी. तू आतल्या आत तुटत जावीस, यासाठी नक्कीच नाही.

रूममेटसाठीही एक सांगते. निकाल लागला की पहिला प्रश्न "किती पडले?" असा नको. "जेवलीस का?" असा असू दे. क्लासच्या शहरात हा प्रश्न विचारणारं माणूस फार कमी भेटतं.

पुण्याला गेल्यावर माझ्या बोलण्याला हसतात. मी "काय करायलास" म्हटलं की नक्कल करतात.

"करायलोय, जायलोय" हे चुकीचं मराठी नाही, ते आपलं मराठी आहे. ज्या मराठवाड्याच्या मुलखात नामदेव, जनाबाई, एकनाथ झाले त्या मुलखाच्या पोराने बोलीची लाज कशाला बाळगायची? परीक्षेत प्रमाणभाषा लिही, मित्रांत मनापासून बोल. नक्कल करणाऱ्याला एकदा शांतपणे सांग, "मला हे आवडत नाही." आणि आपणही एक बघू या. आपल्या वर्गात लमाणी किंवा पारधी घरातून आलेलं पोर बोलतं तेव्हा आपण कुणी हसतो का?

ग्रुपवर एका मुलाच्या फोटोचं स्टिकर करून सगळे हसतात. मी काही टाकत नाही. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. त्याला ग्रुपवर चाळीस जण दिसतात आणि चाळीसही जण हसतायत असं वाटतं. तू गप्प आहेस हे त्याला कुठून कळणार? त्याला स्वतंत्र मेसेज कर: "मला हे पटलं नाही. उद्या सोबत बसू." ज्याने स्टिकर केलं त्याच्याशीही एकट्यात बोल. ग्रुपवर सुनावलंस तर तो मागे हटणार नाही, इरेला पेटेल.

फोटो अश्लील असेल तर मामला वेगळा आहे. 18 वर्षांखालच्या मुलामुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः शाळकरी असला तरी. पुढे ढकलू नको, त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांग.

आरक्षणाच्या आंदोलनांपासून गावात जातीवरून दोन गट पडलेत. माझा जिवलग मित्र दुसऱ्या समाजाचा आहे. घरचे म्हणतात, त्याच्यात जाऊ नको.

गेल्या दोन-तीन वर्षांत ही चिठ्ठी वाढलीय, आणि ती वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आरक्षणावर मोठ्या माणसांची मतं वेगळी असतील, तुझी आणि मित्राचीही असतील. मत असायला काहीच हरकत नाही. पण दोन्ही घरांना पाणी एकाच टँकरचं येतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरीला कुणी जात विचारली नव्हती.

घरच्यांशी भांडण काढू नको. शाळेत त्याच बाकावर बसत राहा. दुसऱ्या समाजाला डिवचणारं स्टेटस ठेवू नको आणि आपल्या समाजाच्या मुलाने ठेवलं तर "काढ ते" म्हण. आपल्यातल्याला सांगणंच जास्त अवघड असतं, आणि तिथेच त्याचा उपयोग होतो. त्याच्या आईला रस्त्यात भेटलास तर पूर्वीसारखंच "काकू, बरं आहे ना?" विचार. चार घरांत एवढं चालू राहिलं तरी गाव सांधलेलं राहतं.

वर्गात मुलीच्या ड्रेसला डाग पडला आणि मुलं हसली. मुलगा म्हणून मी काय करायला हवं होतं?

हे तू विचारलंस याचंच मला बरं वाटलं. हसू नये, टक लावून बघू नये, आणि शेजारच्या मुलीला हळूच सांगावं. स्वेटर किंवा जॅकेट असेल तर तिच्या मैत्रिणीच्या हातून द्यावं, कमरेला बांधता येतं. नंतर या विषयावर एक अक्षर काढायचं नाही. मुलींनो, दप्तरात एक जादा पॅड ठेवत जा. आपल्याला नाही लागलं तर दुसरीला लागेल.

बाहेर सगळ्यांशी गोड बोलते, पण घरी आईवर खेकसते. मी ढोंगी आहे का?

ढोंगी नाहीस, थकलेली आहेस, आणि घरी कुणी आपल्याला टाकणार नाही याची खात्री असते. पण ती खात्री देणारी माणसंसुद्धा थकतात. आई खुरपून आली की तिच्या आधी चूल किंवा गॅस पेटव, चहा टाक. खेकसलीस तर रात्री झोपायच्या आधी "मघाशी चिडून बोलले" एवढं म्हण.

हे मुलांसाठीसुद्धा आहे, खरंतर जास्त करून मुलांसाठी. बहीण हापशावरून दोन हंडे आणते आणि भाऊ खाटेवर रील बघतो, तिथे दयाळूपणावरचं भाषण वाया आहे. उठायचं आणि एक हंडा घ्यायचा. आपलं ताट आपण घासायचं.

नाही म्हटलं तर आपण वाईट ठरतो का?

नाही. पेपरमध्ये दाखव म्हणाला, नाही. तुझ्या नावावर सिम काढ म्हणाला, नाही. मैत्री कर म्हणून मागे लागलाय आणि तुला नकोय, तर स्पष्ट नाही. आवाज मऊ ठेवता येतो, उत्तर मऊ ठेवायची गरज नाही.

रस्त्यात अपघात दिसला तर पोलिसांच्या भानगडीत पडावं का?

108 ला फोन कर, मोठ्या माणसांना हाक मार, गर्दी मागे सार. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. 2019 च्या दुरुस्तीत ते कलम आलं, आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. जखमीचा व्हिडिओ मात्र काढू नको.

पैसे नसले तर काय देणार?

एसटीत आजोबांना सांगा की 75 च्या पुढे तिकीट नाही, आधारकार्ड हातात ठेवा. उन्हाळ्यात फुटक्या माठाचं खापर सावलीत ठेवून चिमण्यांसाठी, कुत्र्यांसाठी पाणी भरा, आणि रोज बदला. आजीची पेन्शन जमा झाली का, ते बँकेच्या मेसेजमध्ये बघून सांगा. तीच गोष्ट ती चौथ्यांदा विचारेल, तेव्हा पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगा.

माझ्याकडून कुणीतरी दुखावलं. माफी कशी मागायची?

जिथे दुखावलं तिथेच मागायची. चारचौघांत बोलला असाल तर माफीही चारचौघांत. "पण" हा शब्द वापरायचा नाही.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी पहिल्या तासाला एक मुलगा बाकावर डोकं टेकून झोपायचा. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "घरी पलंग नाही का रे?" वर्ग हसला. तो उठून उभा राहिला, खाली बघत. मधल्या सुट्टीत त्याच्या बहिणीने सांगितलं की त्यांच्या शिवारात त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्री अकराला येत होती. वडिलांचा पाय मोडलेला, म्हणून हाच पहाटेपर्यंत हरभऱ्याला पाणी देत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी हजेरीच्या आधी उभी राहिले. "काल मी याला सगळ्यांसमोर चुकीचं बोलले. मला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. माझं चुकलं." वर्गात एकदम शांत झालं. तो म्हणाला, "असू द्या मॅडम, पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा हाय." मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं की पुढच्या रात्रपाळीला तो सोबत गेला तर चालेल का, त्याला पाण्याची दारं धरता येतात.